तिळाएवढा लाल

सोलापूरच्या मोटारबाजारात आजही विचारलं तर सांगतात, की मागचे दिवे रंगवणारा तो पेंटर मोठा कसबी माणूस होता, पण पुढे त्याचे डोळे गेले आणि त्याच्या हातून एकाचा पाय मोडला. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा खोटा आहे, आणि तो माझ्या तोंडून बाहेर पडला. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. दुकान बंद करून तीन वर्षं झाली. हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही.

त्याचं नाव लिहीत नाही. बाजारात त्याला नावाने कोणी हाक मारलीच नाही. पेंटर म्हटलं की तोच.

माझं दुकान गाड्यांच्या सजावटीचं होतं. सीटकव्हर, मॅटिंग, हॉर्न, स्टिकर. मधल्या काळात तरुण पोरांमध्ये मागचे लाल दिवे धुरकट काळे करून घ्यायची टूम निघाली. तिला स्मोक म्हणायचे. पांढऱ्या गाडीला काळसर दिवे उठून दिसतात, हे खरं आहे. ते नियमात बसतं की नाही हा प्रश्न आम्ही दुकानदारांनी मोठ्याने कधी विचारला नाही. बाकीच्या दुकानांत डबा हलवून फसाफसा फवारा मारायचे. आठ दिवसांत पापुद्रे निघायचे. माझ्याकडे पेंटर होता, म्हणून बार्शीपासून इंडीपर्यंतच्या गाड्या माझ्या दारात लागायच्या.

पेंटर अक्कलकोटच्या पलीकडचा. घरात कन्नड, बाजारात मराठी. उंच, हडकुळा, अंगात बिनबाह्यांची बंडी. शर्टाच्या बाहीचा धागा ओल्या रंगात पडतो म्हणून बंडी. आणि हाताचा केस पडतो म्हणून दर रविवारी न्हाव्याकडून कोपरापर्यंत वस्तरा फिरवून घ्यायचा. न्हावी त्याला विचारायचा, "पेंटर, लग्न ठरलंय का काय?" हा म्हणायचा, "व्हय की. दिव्यासंगं."

गाडीचं तोंड त्याला ओळखू यायचं नाही. रोजचं गिऱ्हाईक समोरून आलं तर हा कोरा चेहरा करून उभा. गाडीला वळसा घालून मागे गेला की ओळख पटायची. "हां, तुमी व्हय. डावा दिवा जरा तिरका बसलाय तुमचा." मग घरच्यांची विचारपूस. मी एकदा चिडून म्हणालो, लोक समोरून येतात, मागून नाही. तर म्हणाला, "तोंड मालकाला आवडावं म्हणून अस्तं. पाठ मागून येनाऱ्याची अस्ती. मालकाला सोताचा मागचा दिवा जन्मात दिसत न्हाई. मग तो मालकाचा कसा?"

हे त्याचं नुसतं बोलणं नव्हतं. सायकलवरून जाताना रेल्वे फाटकाशी गाड्या तुंबल्या, की हा उतरून पुढच्या ट्रकचे चिखलाने माखलेले दिवे बंडीच्या टोकाने पुसायचा. एका ड्रायव्हरला वाटलं, दिवा काढतोय. त्याने खाली उतरून कानाखाली दिली. पेंटर गाल चोळत दुकानात आला आणि मला सांगू लागला, "मारू दे की. दिवा मातर लई बेस हुता त्याचा. जुना माल."

त्याच्या कामाची रीत मी बारा वर्षं रोज पाहिली. दिवा गाडीवर ठेवून तो कधीच रंगवायचा नाही. डिकी उघडून आतले नट सोडवायचे, दिवा हातात घ्यायचा, साबणाच्या पाण्याने तान्ह्या मुलासारखा धुवायचा. मग बादलीत बुडवून वॉटर पेपरने घासायचा. आधी जरा खरबरीत, मग बारीक, मग आणखी बारीक. घासून घासून लाल काच दुधाळ व्हायची. नवी गाडी आणलेल्या मालकाला ते बघवायचं नाही. "अहो, घालवली की हो काच," असं म्हणत तो कपाळाला हात लावायचा. पेंटर मान वर न करता म्हणायचा, "च्या पिऊन या. तवर रडून घ्या."

दुकानामागे त्याने चार बांबू रोवून जुन्या सोलापुरी चादरींची खोली केली होती. फवारा मारण्याआधी त्या चादरी पाण्याने चिंब करायच्या, म्हणजे उडणारी धूळ चादरीला चिकटते आणि दिव्याला लागत नाही. उन्हाळ्यात बाहेर अंग भाजायचं आणि आत हा ओल्या चादरींच्या वासात एकटा, हातात फवाऱ्याची गन. एक हात मारायचा, थांबायचा, वाळू द्यायचा, पुढचा हात. मोजायचा कन्नडमध्ये. "ओंदु." बराच वेळ शांतता. "एरडु." पुन्हा शांतता. "मूरु." आणि मग कोणाला तरी दटावल्यासारखं, "साकु." म्हणजे पुरे. तीन हात म्हणजे तीनच हात. त्याच्यावर चकाकीचा क्लिअर मारायचा आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश. गोल रिफ्लेक्टरला तो रंगाचं बोटही लावू द्यायचा नाही.

एकदा एक पोरगं आलं. डोळ्यांवर गॉगल, म्हणालं, "पेंटर, एकदम काळं करा. काही दिसलंच नाही पाहिजे."

"काय दिसलं न्हाई पायजे?"

"लाल."

"मग गोनपाट बांदा की. माज्याकडं कशाला आला?"

त्याच्या दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली तिळाची. रंग मारण्याआधी दिव्याच्या खालच्या, आतल्या कोपऱ्यात तो चिकटपट्टीचा तिळाएवढा तुकडा लावायचा. सगळं काम झालं की नखाने उचलायचा. तिथे मूळ लाल रंग उघडा राहायचा. वाकून पाहिलं तरच दिसेल एवढा. मी म्हणायचो, एवढं गुळगुळीत काम करता आणि मुद्दाम डाग कशाला ठेवता? तो म्हणायचा, "उद्या दुसरा कोन पेंटर ह्या दिव्याला हात लावंल, त्याला कळाय नको, खाली काय हुतं ते?"

दुसरी सवय बाराच्या परीक्षेची. पॉलिश झालेला दिवा तो संध्याकाळी कधीच द्यायचा नाही. संध्याकाळी सगळेच दिवे चांगले दिसतात, असं त्याचं म्हणणं. दुपारी बारा वाजता, सोलापूरचं ऊन डोक्यावर असताना, दुकानासमोरच्या मोकळ्या मैदानात दिवा बॅटरीला जोडायचा आणि तीस पावलांवर माणूस उभा करायचा. त्या उन्हात लाल स्पष्ट दिसला तर दिवा पास. नाही तर सगळा रंग घासून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

तीस पावलांवर बहुधा मला उभा करायचा. मला दुकानात गिऱ्हाईक असायचं, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली माती. एका चैत्रात तो तिकडून ओरडला, "दिसतंय का, मालक?" मी घाम पुसत न बघताच म्हणालो, "दिसतंय."

तो सावकाश चालत आला. वायर त्याच्या हातात लोंबत होती.

"मी अजून जोडलीच न्हाई," तो म्हणाला. "तुमाला कुटलं दिसलं?"

बाजूची सगळी दुकानं हसली. मीही हसलो. तोही हसला, पण पुढे महिनाभर मला तिथे उभा केला नाही. चहावाल्याला बोलावून न्यायचा.

आता जे सांगायचं ते.

माळशिरसचा एक तरुण ठेकेदार नवी कोरी पांढरी जीप घेऊन आला. त्याला दिवे काळेभोर हवे होते. पेंटरने नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि तीनच हात मारले. तीळ उघडा केला. दिवे फळीवर वाळत ठेवले. दुसरा दिवस गुरुवारचा. गुरुवारी तो काम करायचा नाही, अक्कलकोटला मठात जायचा आणि तिथून गावी आईला भेटून यायचा.

गुरुवारी सकाळी ठेकेदार आला. दिवे पाहून त्याचं तोंड उतरलं.

"हे काळं आहे का, मालक? हे चहाच्या रंगाचं झालंय."

"पेंटर तीन हातांच्या वर मारत नाही," मी म्हणालो.

"दुकान तुमचं आहे का त्याचं?"

तो हे हसत म्हणाला. सोबतचे दोघंही हसले. एवढंच झालं. मी आजवर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं, की मोठ्या गिऱ्हाइकाची हाव होती का, घाई होती का. नव्हती. दुकान माझं आहे हे मला दाखवायचं होतं. मी त्यांना म्हणालो, जेवून या.

ते गेल्यावर मी चादरींच्या खोलीत शिरलो. चादरी कोरड्याच होत्या. गन हातात घेतली आणि त्याच्या तीन हातांवर दोन हात मारले. वर क्लिअर. तिळाचं मला भानच राहिलं नाही. दिवे वाळले तेव्हा खरोखर सुरेख दिसत होते, काळ्या नितळ पाण्यासारखे. मला स्वतःचं कौतुक वाटलं. संध्याकाळी पाच वाजता ते जीपला बसवले. ब्रेक दाबला तेव्हा आतून मंद लाल उजळला. ठेकेदार खूश झाला.

शुक्रवारी पेंटर आला आणि फळीकडे बघून म्हणाला, "दिवं कुटं?"

"गेले. त्यांना घाई होती."

"पालिश?"

"मी केलं."

"बाराची बगितली?"

"बघितली."

"कोन हुबं हुतं?"

"मीच की."

"दिसलं?"

"दिसलं," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बादली भरायला गेला.

दहा-बारा दिवसांनी मंगळवेढ्याच्या रस्त्यावर भर दुपारी त्या जीपसमोर मेंढरांचा कळप आडवा आला. ठेकेदाराने ब्रेक मारला. मागून मोटरसायकलवर एक बियाण्याच्या दुकानात काम करणारा माणूस येत होता. जीप थांबतेय हे त्याला कळलंच नाही. तो डिकीवर आदळला. जिवावरचं पायावर निभावलं, पण पाय दोन ठिकाणी मोडला.

ठेकेदार फुटलेला दिवा घेऊन दुकानात आला. रस्त्यावरून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कुठाय तुमचा पेंटर? माणूस मेला असता." काळं आपणच मागितलं होतं हे त्याला आठवत असणार. पण पेंटरचं नाव त्यालाही सोयीचं होतं. आजूबाजूची माणसं गोळा झाली.

पेंटर मागून आला. हात ओले होते. ते बंडीला पुसून त्याने दिवा घेतला. खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि दिवा उन्हात धरला.

"तीळ कुटं गेला, मालक?"

त्याने हे मला विचारलं, पण आरोप करायला नव्हे. हरवलेली वस्तू घरच्या माणसाला विचारतात तसं विचारलं. त्या क्षणी खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. समोर दहा-पंधरा माणसं उभी होती.

"मला काय माहीत," मी म्हणालो. "तुम्हीच विसरला असाल. डोळे तपासून घ्या, पेंटर."

त्याने कोपऱ्यावरून आणखी एकदा नख फिरवलं. मग लोकांकडे वळून म्हणाला, "काम माजंच हाय. इसरलो आसंन."

त्या अपघातातल्या माणसाला दवाखान्यात रोज भाकरी-पिठलं घेऊन कोण गेलं? पेंटर. मी एकदाही गेलो नाही. गनला मात्र त्याने त्या दिवसापासून हात लावला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने त्याला सांगितलं, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. पेंटरने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. मग त्याने एक गोष्ट सुरू केली, जिची सगळ्यांनी थट्टा केली. मंगल कार्यालयांबाहेर, भाजी मंडईत, कोर्टासमोर, जिथे गाड्या उभ्या असतील तिथे जाऊन तो आपले रंगवलेले दिवे शोधायचा आणि उकिडवा बसून कोपरा तपासायचा. लोक त्याला हाकलायचे. दोन महिन्यांनी तो दुकानात आला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला.

"सापडल्या तेवड्या सगळ्या गाड्या बगितल्या, मालक. सगळ्यास्नी तीळ हाय. त्या एकाच गाडीला न्हाई. का झालं आसंन?"

दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो. लोकांची भीती हे कारणही उरलेलं नव्हतं.

"वय झालं, पेंटर," मी म्हणालो. "होतं असं."

त्याने मान डोलावली. चादरी त्याने धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्या, बादली पालथी घातली, गन तेल लावून कागदात गुंडाळली आणि सायकल घेऊन गावी निघून गेला. बाजार म्हणाला, पेंटरला दिसेनासं झालं. मी ते ऐकून घेतलं. कोणी मला विचारलं तर मीही तेच सांगितलं. बारा वर्षं सांगितलं.

यंदा दुकानाचं जुनं कपाट विकायला काढलं, तेव्हा तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो फुटका दिवा सापडला. आधी मी त्या पाय मोडलेल्या माणसाकडे गेलो. तो अजून लंगडतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पेंटर मला भाकरी आणायचा तेव्हा रोज माफी मागायचा." त्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

मग अक्कलकोटची एसटी धरली, तिथून वडापची जीप. पेंटरचं घर गावाच्या टोकाला. भिंतीला तीच सायकल टेकलेली, गंज चढलेली, पण मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर आरशासारखा लख्ख. त्यावरून मी घर ओळखलं. त्याची बायको डाळ निवडत होती. मला बघून ती आत कन्नडमध्ये काही बोलली आणि तो बाहेर आला. आणखी वाळला होता. समोरून ओळखलं नाही म्हणून मी पाठ फिरवून उभा राहिलो. तो मोठ्याने हसला. "मालक व्हय. बसा की."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. गुरुवार, दोन हात, न घेतलेली परीक्षा. तिळावरून मीच गन फिरवली हेही. दिवा त्याच्या हातात दिला.

त्याने दिवा उलटा करून पाहिला. बायकोचा डाळीत फिरणारा हात थांबला होता.

"डाळीतला खडा बारा वर्सं मी काडला न्हाई, मालक," शेवटी तो म्हणाला. "हिच्याकडनं काडून घेतो. सुईत दोरा घालत न्हाई. नातीच्या पायात काटा गेला तर शेजाऱ्याला हाक मारतो. माज्या डोळ्यावर माजा भरवसाच ऱ्हायला न्हाई."

मला वाटलं आता तो मला जायला सांगेल. मी चप्पल बघू लागलो. त्याने बायकोकडून तांब्याभर पाणी मागितलं. आतून पत्र्याचा डबा आणला. त्यात वॉटर पेपरचा झिजलेला तुकडा होता. उंबऱ्यावर बसून त्याने दिव्याचा कोपरा भिजवला आणि घासायला लागला, पूर्वीसारखा, बोटाच्या पेराने, हलक्या हाताने. काळं पाणी ओघळलं. तो पुटपुटला, "ऐदु." पुन्हा पाणी, पुन्हा घासणं. "नाल्कु." पाच आणि चार. माझे दोन हात तो उलटे मोजत होता. मग त्याने बोटाने पाणी निपटलं आणि कोणाला तरी दटावल्यासारखा म्हणाला, "साकु."

कोपऱ्यात तिळाएवढा लाल होता.

तो त्याने बायकोला दाखवला, मग मला. मग डोळ्यांजवळ धरून स्वतः पुष्कळ वेळ पाहिला. चष्मा त्याने लावलाच नव्हता.

दुपार झाली होती. त्याने वर सूर्याकडे पाहिलं आणि अंगणापलीकडच्या गोठ्याकडे बोट दाखवलं.

"तितं जाऊन हुबं ऱ्हावा."

मी गेलो. तीस पावलं असतील. त्याने दिव्याचा तुकडा उन्हात वर धरला.

"दिसतोय का, मालक?"

मला त्याचा हात दिसत होता. हातातला काळा तुकडा दिसत होता. लाल कुठेच नव्हता. तिळाएवढा ठिपका एवढ्या लांबून कोणाला दिसणार? पण त्या माणसाला 'दिसतोय' म्हणावं असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं वाटलं.

"नाही," मी म्हणालो.

"नीट बगा की."

"नाही दिसत, पेंटर."

त्याने हात खाली घेतला.

"मला बी तितनं दिसला नसता," तो म्हणाला. "या. जेवायला बसू."

तो बायकोशेजारी बसला, तिच्या पुढ्यातलं सूप आपल्याकडे ओढलं आणि डाळीतले खडे वेचायला लागला.